पहिले साठ फूट

ताईने गाडीखाली हात घालून मागच्या डाव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा नॉब दोन खटके उलटा फिरवला, आणि मग मन बदलून एक खटका परत आणला.

"तिसऱ्यांदा तेच करतेयस," भिंगरी तिच्या डोक्यावर उभा राहून म्हणाला. "मागून आवळ म्हटलं ना."

"सकाळी ढिली कर म्हणालास."

"सकाळी गार होतं. आता पट्टी तापलीय."

भिंगरी तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तो एका जागी बसलेला कुणी पाहिला नव्हता. पायाला भिंगरी लागलीय, असं म्हणता म्हणता घरच्यांनी त्याचं नावच भिंगरी करून टाकलं. आताही जाड सूट अंगावर चढवून, हेल्मेट काखोटीला मारून तो गाडीभोवती येरझाऱ्या घालत होता. गाडी चालवायची त्याने, ती जागेवरून कशी सुटेल ते बघायचं ताईने. नऊ वर्षं हीच वाटणी चालत आली होती.

आणि गाडी सुटत नव्हती, तेच तर दुखणं होतं. शर्यतीची सरळ पट्टी, शेजारी दुसरी गाडी, हिरवा दिवा. हार-जीत बहुतेक वेळा पहिल्या साठ फुटांतच ठरून जाते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबल्याबरोबर गाडीचं नाक उचललं गेलं पाहिजे, वजन मागे सरकलं पाहिजे आणि मागच्या टायरांनी जमीन घट्ट धरली पाहिजे. नाक किती उठू द्यायचं, मागची बाजू किती बसू द्यायची, हे स्प्रिंगा आणि शॉक सांभाळतात. गेल्या हंगामात हे साठ फूट गाडी एक पूर्णांक अडतीस सेकंदांत तोडायची. यंदा दीडच्या खाली यायचं नाव घेत नव्हती, आणि अंतिम फेरी येत्या रविवारवर येऊन ठेपली होती.

तीन आठवड्यांत ताईने स्प्रिंगा बदलल्या, चारही चाकांवरचं वजन पुन्हा तोलून घेतलं, टायरांतली हवा कमी केली, वाढवली, परत कमी केली. हल्ली जेवतानाही तिची बोटं ताटाच्या कडेवर खटके मोजत असायची.

"गाडीचे शॉक राहू देत," लेथमास्तर घडीच्या खुर्चीतून म्हणाले. त्यांचं दुकान ताईच्या गॅरेजला लागून. सरावाच्या दिवशी ते मदतीला येत. "आधी तुम्हा दोघांना एकेक बसवा. फार उसळताय."

कुणीच हसलं नाही.

भिंगरी गाडीत शिरला. ताई फोन घेऊन कठड्याबाहेरून तीस फुटांच्या खुणेपर्यंत गेली आणि सरळ पालथी पडली. खडी कोपरांत रुतत होती. मागचं चाक आणि गाडीचं नाक दोन्ही चौकटीत बसेपर्यंत ती सरकत राहिली. दिवा हिरवा झाला, गाडी डरकाळी फोडून तिच्यासमोरून निघून गेली, आणि पलीकडच्या पाटीवर आकडा लागला. एक पूर्णांक बावन्न.

कठड्याच्या सावलीत बसून तिने चित्रण संथ करून पाहिलं. नाक उठलं, अगदी हवं तेवढं. मागची बाजू बसली. टायरच्या अंगावर सुरकुत्या पडल्या, म्हणजे त्याने जमीन धरली होती. हे तर तिने मनात काढलेलं चित्रच होतं! मग तीस फुटांच्या जरा अलीकडे नाक खाली आलं.

तिने पुन्हा पाहिलं. चाक घसरलं असतं तर इंजिनाचा आवाज चढला असता, धूर निघाला असता. इथे आवाज पडला होता. क्षणभरच, आणि लगेच पुन्हा उठला होता. असं कुठलाच शॉक करत नाही. असं फक्त क्षणभर उचललेला पाय करतो.

तिने जुनी चित्रणं उघडली. आठवड्यापूर्वीचं, त्याच्या आधीचं. सगळ्यांत तेच, तिथेच.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी नाक भलतंच उठलं होतं. गाडी तिरकी खाली आली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. भिंगरी हसत उतरला होता, सगळ्यांना टाळ्या देत फिरला होता. त्या दिवशी ताईने गाडीचा नट न नट तपासला होता. त्याला काही विचारावं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा तो गाडीजवळ उभा होता, घामाने निथळत. शेजारच्या तंबूतली दोघं-तिघं कान टवकारून बघत होती.

"किती?"

"बावन्न."

त्याने टायरला लाथ घातली. "मग सांग ना काय ते! तुला एवढं कळतं ना?" आवाज चढला खरा, पण डोळे तिच्या हातातल्या फोनवर होते.

"काय दिसलं त्यात?" लेथमास्तरांनी हात पुढे केला.

ताईने फोन खिशात टाकला. "उन्हामुळे धड काही दिसत नाही." मग ती गाडीकडे वळली. "मागचा डावा शॉक गेलाय. आतून."

"गेलाय?" लेथमास्तर खुर्चीतून उठलेच. "महिन्यापूर्वी तर तू स्वतः उघडून बसवलास."

"माझ्याच हातून राहिलं असेल काहीतरी."

शेजारच्या तंबूत कुणीतरी हलकेच शीळ घातली. ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दुसरा कधी मिळेल?" भिंगरीने विचारलं.

"रविवारपर्यंत नाही. यंदा मिळेलच असंही नाही."

पाना उचलून तो स्वतःच गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसती पान्याची खटखट ऐकू येत होती. बाहेर आला तेव्हा शॉक त्याच्या हातात होता. त्याने तो जमिनीवर उभा धरला आणि अंगाचा भार देऊन दाबला. दांडा एकसारखा खाली गेला आणि तेवढ्याच शांतपणे वर आला. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा तसाच वर आला. तेलाचा ठिपकासुद्धा नव्हता; गेलेला शॉक असा वागत नाही.

त्याने मान वर केली. ताई टायरच्या हवेचा मीटर पुसत होती, पुसून झालेला.

"बघू इकडे," लेथमास्तर म्हणाले.

"बघायचंय काय त्यात?" भिंगरीने शॉक फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. "ताई म्हणतेय ते बरोबर आहे. गेलाय."

गाडी ट्रकवर चढवून साखळ्या आवळेपर्यंत ऊन कलायला आलं. लेथमास्तर सामानाबरोबर मागे बसले. भिंगरी चालकाच्या दाराशी जाऊन थांबला. दार उघडलं, तसाच उभा राहिला; मग ट्रकला वळसा घालून ताईच्या बाजूला आला आणि किल्ली तिच्यासमोर धरली.

"तू चालवतेस?"

ताईने किल्ली घेतली. सीट तिला फारच मागे होती. ती पुढे ओढून घेईपर्यंत तो शेजारी बसून काचेबाहेर बघत राहिला.

"सावकाश घे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि पहिला गिअर टाकला.