आधी टिक, मग काम

डबा एक उरला आणि मिस्त्रीनं यादी पुन्हा पहिल्यापासून मोजली.

वर्कशॉपमध्ये बदलायच्या नव्या भागांचे मोजून वीस डबे आले होते. कंपनीनं त्या मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्या होत्या. दोष काय, तर एअरबॅगमागची गॅसची लोखंडी डबी. गाडी आदळली की ती फुटायची आणि तुकडे थेट ड्रायव्हरच्या गळ्यात. वाचवायला बसवलेली वस्तूच जीव घेणार, म्हणजे बघा! मालकांना पत्रं गेली. काम फुकट, अर्ध्या तासाचं. वीस गाड्या येऊन गेल्या, कॉम्प्युटरवर विसांपुढे 'काम पूर्ण'. मग हा डबा कुठून आला?

कुठून येणार! यादी संपवा, यादी संपवा म्हणून मॅनेजर डोक्यावर बसलेला. म्हणून मिस्त्रीनंच सोय काढली होती. गाडी आत आली की आधी टिक मारायची, दाराच्या कडेला हिरवा स्टिकर चिकटवायचा, मग पाना हातात घ्यायचा. अठरा वर्षांचा हात, विसरतोय कशाला?

"जास्तीचा आला असेल," मॅनेजर म्हणाला. "कशाला उकरून काढतोस?"

"साहेब, माल आल्याचं चलन विसाचंच आहे."

"मग पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. कुणाला कळणार आहे?"

तेच तर! टिक पडली की मालकाला पुन्हा पत्र जात नाही. माणूस निर्धास्त गाडी हाकतो. मिस्त्रीनं यादीवरून बोट फिरवलं. नर्सबाईंची गाडी! त्या दिवशी मॅनेजरनं त्याला कामाच्या मध्येच हाक मारली होती आणि बाईंना ड्युटीची घाई होती. त्यानं फोन लावला.

"बाई, गाडी चालवू नका. एअरबॅगचं काम राहिलंय."

"मोबाईलवर तर झालंय दिसतंय. आता ओटीपी मागणार ना? शहाणेच आहात!"

"अहो, वर्कशॉपमधून बोलतोय, देवाशपथ!"

"हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीपाशीच उभी आहे मी. दारावर हिरवा स्टिकर आहे. ठेवा फोन."

मॅनेजर समोर उभा राहून डोळे वटारत होता.

"तो स्टिकर मीच लावला," मिस्त्री म्हणाला. "काम करायच्या आधी."

पलीकडे गाडीचं दार धाडकन लागलं.

"लाज नाही वाटली?"

"वाटतेय. तिथंच थांबा, मी डबा घेऊन येतो."

"गेलास तर परत येऊ नकोस," मॅनेजर ओरडला. मिस्त्री गेला.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये नर्सबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी किल्ली पुढे केली. मिस्त्रीनं बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबला, मग एअरबॅग सोडवली. घाईत पाना दोनदा निसटला. बॅग उलटी करून पाहिली आणि तो बघतच राहिला. डबी नवीकोरी होती, नव्या नंबरची.

"बसवलीय, बाई. तुमची बसवलीय!"

"सुटले गं बाई!" नर्सबाई कठड्यावर टेकल्या. मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "अहो, पण मग हा डबा कुणाचा?"

मिस्त्रीला खरंच सांगता येईना. आठवायला गेलं की प्रत्येक गाडीची टिक आठवायची, स्टिकर आठवायचा. पाना फिरवल्याचं एकाही गाडीचं खात्रीनं आठवेना. एकोणीस गाड्या, एकोणीस घरं. केलंस काय हे, गाढवा!

त्यानं बॅग जशीच्या तशी बसवली, वायर जोडली आणि यादी काढून तिथंच फरशीवर बसून पहिला नंबर लावला. रिंग वाजत राहिली. शेवटी एका लहान मुलीनं फोन उचलला.

"बाबांना दे, बाळा. लवकर."

"बाबा गाडी चालवतायत," ती म्हणाली. "आम्ही आत्याकडं चाललोय. त्यांना काय सांगू?"