डावीकडची तडतड

हेडफोनच्या डाव्या कपावरचं काळं आवरण सोलवटत चाललं होतं आणि त्याचे बारीक पापुद्रे रोज गालाला चिकटून यायचे — बायको म्हणायची, "आज पुन्हा कोळशाच्या खाणीत गेला होतास वाटतं" — पण आत्ता त्याचं लक्ष पापुद्र्यांकडे नव्हतं, त्या कपाच्या आतून जे येत होतं त्याकडे होतं. तड. मग काही नाही. श्रुतिकेतली म्हातारी म्हणाली, "दार लावून घे," आणि 'लावून'वर पुन्हा... तड, तड. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत, इतकंच. त्यानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. या खेपेला आवाज 'घे'वर आला.

जागा बदलली! म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये नाही. बरं झालं. म्हणजे कॉम्प्युटरमध्येच आहे, दुसरं कुठं असणार... दुसरं कुठं असणार, हा प्रश्न त्यानं मनात पुरता उमटूही दिला नाही, पुढचं बटण दाबलं.

दुपारी बाई येणार होत्या. श्रुतिका त्यांची, लिहिलेली आणि बसवलेलीही. सकाळीच फोन आला होता : "आज शेवटचं ऐकून मोकळं होऊ या. तुझा कान लागला की मला काळजी नसते बघ." आवाज जुळवायच्या या धंद्यात त्याला सगळे कानसेन म्हणत, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं, आणि तो वरवर हसण्यावारी नेत असला तरी आतून सुखावायचा, कारण त्याला दुसरं येत काय होतं? ना चार माणसांत बोलता येत होतं, ना कुणाची मर्जी सांभाळता. कान होता. कानावर घर चाललं होतं, आणि घरापेक्षाही — आपण कोण, याचं उत्तर त्या कानावर चाललं होतं.

कॉम्प्युटर आठ कोअरचा. आठ डोकी एका खोक्यात, असं सांगून मोठ्या तोऱ्यात आणलेला. एकूण भार दाखवणारा काटा पावभागसुद्धा चढत नव्हता, आणि तरी आवाज तुटत होता. याला काय म्हणावं? सकाळपासून त्यानं वायफाय बंद केलं, व्हायरस शोधणारं बंद केलं, वीज वाचवायची सोय काढून टाकली, आवाज आगाऊ साठवून धरणारा बफर दुप्पट केला, मग त्याच्याही दुप्पट — आता बटण दाबलं की म्हातारी आळोखेपिळोखे देऊन सावकाश बोलायला लागायची — पण तडतड होतीच. गंमत अशी, की दर वेळी उपाय फसला की त्याला थोडं हायसंच वाटत होतं. करून बघण्यासारखं अजून काही शिल्लक आहे, तोवर ठीक आहे. शिल्लक संपली की मग...

त्यानं आतली खिडकी उघडली, जिथं आठही कोअर वेगवेगळे दिसतात. आणि बघतो तर काय! सात पट्ट्या जमिनीवर लोळत होत्या आणि एक एकटी छताला डोकं आपटत होती. आठ माणसांचं घर आणि भांडी घासायला एकटीच — हे कसं सुचलं नाही आपल्याला आधी? ट्रॅक कितीही असोत, ते आठांत वाटले जातात. पण शेवटी सगळे ज्या मुख्य ट्रॅकमधून बाहेर पडतात, तिथं एकापुढं एक टांगलेलं काम वाटून देता येत नाही. ते एकाच्याच बोकांडी बसतं. म्हणजे तिथं काहीतरी जड टांगलेलं असणार. हे त्यानं किती जणांना फोनवर, जांभया देत, सांगितलं होतं.

त्यानं मुख्य ट्रॅक उघडला. तिथं टांगलेलं होतं, तडतड काढून टाकणारं प्लगइन. सगळ्यात खोल सफाईवर लावलेलं.

हे इथं कुणी लावलं? या खुर्चीवर दुसरं कुणी बसतच नाही... गेल्या आठवड्यात त्यानंच. आधी नायिकेच्या आवाजात तडतड वाटली म्हणून फक्त तिच्या ट्रॅकवर. मग म्हातारीच्या आवाजातही वाटली. मग पावलांत. मग जिथं कुणीच बोलत नाही त्या शांततेतसुद्धा. तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, जाऊ दे, सगळ्यांवरच लावून टाकू. आणि त्याच ओझ्यानं कोअर गुदमरून आता खरोखरच आवाज तुटत होता! तो एकटाच मोठ्यानं हसला. वा रे कानसेन! त्यानं प्लगइन उचकटून फेकलं. आठही पट्ट्या गुण्यागोविंदानं खाली बसल्या, किती वेळा आवाज तुटला ते मोजणाऱ्या चौकटीत शून्य आलं, आणि ते शून्यच राहिलं. म्हातारीनं दार लावून घ्यायला सांगितलं, आणि दार लागलं, स्वच्छ.

मग शांतता. श्रुतिकेतली, बाईंची लाडकी, लांबलचक शांतता.

तड.

चौकट : शून्य.

म्हणजे — नाही, थांब, घाई नको — गेल्या आठवड्यात अख्खी नटमंडळी एकदम तडतडायला लागली नव्हती. तेव्हा प्लगइन नव्हतं, ओझं नव्हतं, तुटणं नव्हतं. मग तो काय काढायला बसला होता?

आता एकच उपाय उरला होता, सगळ्यात सोपा, जो तो लोकांना सगळ्यात आधी सांगायचा : हेडफोन उलटा घालून बघा. तडतड दुसऱ्या कानात गेली तर दोष हेडफोनचा. आणि तिथंच राहिली तर... आठवडाभर तो डावं-उजवं नीट बघून हेडफोन घालत होता, कधी नव्हे ते इतकं नीट, आणि का, ते त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

तात्या. नको असताना तात्या आठवले. त्याच्या पहिल्या स्टुडिओतले मुख्य रेकॉर्डिस्ट. शेवटच्या वर्षांत त्यांच्या कामात किनरेपणा वाढत चालला होता, 'स' नुसता सुरीसारखा. बारीक आवाज ऐकू येईनात म्हणून ते बारीक आवाजच वाढवत होते. सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. तात्या संध्याकाळी घरी गेले की हा हळूच बसून किनरेपणा उतरवायचा, आणि सकाळी तात्या ऐकून म्हणायचे, "जमलंय की!" बिचाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, असंच तो आजवर धरून चालला होता.

उजव्या खांद्यावर हात पडला तसा तो दचकला. बायको होती, चहाचा कप घेऊन. "किती हाका मारायच्या माणसानं?" असं म्हणत ती कपाट आणि खुर्चीच्या सांदीतून अंग चोरून उभी होती, गुडघाही आपटून घेतलेला दिसत होता. त्या बाजूला उभं राहायला वीतभरसुद्धा जागा नव्हती. डावीकडे अख्खी खोली मोकळी होती.

तो बघतच राहिला. ही इकडून का आली? ...जेवायच्या टेबलाशी हिनं जागा बदलली होती, खिडकीतला वारा लागतो म्हणून. रस्त्यानं चालताना हिनं बाजू बदलली होती, गाड्यांचं सांगून. पलंगावरसुद्धा. दर वेळी उजवीकडे. किती महिने झाले? आणि मी म्हणत होतो, बाईमाणसाची काय एकेक खुळं. मला वाटत होतं की मी... म्हणजे ही रोज, न बोलता, माझा किनरेपणा उतरवत होती.

त्याला आधी रागच आला, कानशिलं तापली. मग त्यानं हेडफोन काढला, उलटा करून घातला, आणि ती शांतता पुन्हा लावली. डाव्या कानावर आता उजवा कप होता, न सोलवटलेला.

तड. डावीकडेच.

"काय झालं रे?" बायको म्हणाली. त्यानं हेडफोन गळ्यात घेतला.

"या बाजूनं ये."

"तिकडं कशाला?"

"ये तर."

ती जागची हलेना. मग तिचा चेहरा बदलला, आणि ती खुर्चीला वळसा घालून डावीकडे आली. त्यानं उजव्या कानात बोट घातलं. "आता बोल काहीतरी."

ती बोलली. बराच वेळ. आवाज येत होता, पण गोधडीखालून आल्यासारखा, कडा झडलेला, आणि वरून ती तडतड. तिचे डोळे भरलेले त्याला दिसले. काय म्हणालीस, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं बोट काढलं तेव्हा ती म्हणत होती, "...मळसुद्धा असेल, वेड्या. उद्या जाऊ डॉक्टरकडे. बाईंना आत्ताच काही सांगू नकोस."

बेल वाजली. ती त्याला नीट ऐकू आली, उजवीकडून. बायको डोळे पुसत दार उघडायला गेली.

सांगू नकोस. ते सोपं होतं. बाईंना काम आवडेलच, आणि पुढच्या वेळी त्या... की त्या आधीच माझं काम घरी नेऊन कुणाकडून काही उतरवून घेतात? तात्या रोज जाताना एक वाक्य बोलायचे, "जाताना एकदा ऐकून घे रे," आणि ते नेहमी खाली वाकून, चपला घालता घालता बोलायचे. चपलेचा अंगठा सापडत नाही म्हणून चाचपडत बसायचे. तेव्हा त्याला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय. आज, इतक्या वर्षांनी, ते त्याला उलगडलं. त्यांना माहीत होतं. रोज माहीत होतं, आणि रोज ते मदत मागत होते.

बाईंची पावलं बोळकांडीतून जवळ येत होती. सकाळपासूनची ती पळापळ थांबली होती. आता पळायला जागाच उरली नव्हती, आणि त्यात विचित्र असं बरंही वाटत होतं. इतकं साधं वाक्य, तात्यांचंच. त्यानं ते एकदा नुसत्या ओठांनी म्हणून बघितलं. दारात बाईंची सावली आली तसा तो घाईनं टेबलाखाली वाकला आणि वायर नीट बसवू लागला. वायर जागेवरच होती.