हलकं काम

अंजूला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा धानाची रोवणी तोंडावर आली होती. सुलोचनाबाईंनी सुनेला शेतातल्या बांधीत पाऊल टाकू दिलं नाही. "चिखलात वाकून राहशील त पोराले त्रास होईल. तू घरी राह्य, बकऱ्याइले कोंडा टाक," त्या म्हणाल्या. कोंड्याच्या खोलीत उंदरांसाठी पाळलेली मांजर असायची. तिची घाण हातानं बाजूला सारून अंजू टोपलं भरायची. सुनेचे इतके लाड करणारी सासू अर्जुनी मोरगावच्या आसपास शोधून सापडली नसती.

पाचव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. मुलगा होता.

अशा वेळी गावाला कारण शोधायला डॉक्टर लागत नाही. ग्रहणाच्या रात्री अंजू परसाकडे गेली होती, तेवढं पुरलं. दुःखानं वेड्या झालेल्या सुलोचनाबाईंनीच चारचौघांत तिच्या तोंडावर फेकलं, "तूच खाल्ली माया नातवाले!" अंजू देवरीला माहेरी निघून गेली.

हिवाळ्यात गाभण बकऱ्या लागोपाठ मेलेली पिल्लं टाकू लागल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नमुने घेतले, कोंड्याची खोली पाहिली, मांजर पाहिली आणि विचारलं, "घरात कोणी पोटुशी आहे का?"

"होती," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मांजराच्या विष्ठेतून पसरणारा, डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी. तो बकरीचा गर्भ पाडतो, बाईचाही पाडू शकतो. मुलानं, चंद्रकुमारनं, देवरीला जाऊन बायकोचं रक्त तपासून घेतलं. तेच निघालं. "तिले काही सांगू नको, मीच सांगीन," म्हणून सुलोचनाबाई दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्या.

अंजू ओट्यावर तांदूळ निवडत होती. सासूनं टेकायच्या आधीच सांगून टाकलं. ग्रहण नाही, मांजरीची घाण. "अन् त्या खोलीत तुले मीच धाडली."

अंजूचे हात थांबले. "म्हंजे मी नाही मारली त्याले?"

"नाही वो माय. तू नाही."

"मी त रोज त्याची माफी मागून राहिली होती, आई."

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती ओक्साबोक्शी रडली, सासूच्याच मांडीवर डोकं टाकून. हिनं आपल्याला एकदा तरी शिवी द्यावी, असं सुलोचनाबाईंना फार वाटलं. अंजूनं दिली नाही. ती त्यांचा पदर घट्ट धरून रडत राहिली.