किल्ली बनियनच्या खिशात

मित्रांनो, लांब पल्ल्याच्या गाडीत बाकाच्या पायाला विळखा घालून रात्रभर जागी राहणारी साखळी तुम्ही पाहिलीच असेल. तीच मी, आता जुनी झालेली. सामान जखडून ठेवणं हा माझा धंदा. सध्या मी लातूर स्टेशनवर, रेल्वे पोलिसांच्या खोलीत एका खिळ्याला लटकते आहे. माझी एक कडी तुटली आहे. येणारा-जाणारा माझ्याकडे बघतो आणि पुढे जातो. दिवसभर गाड्यांचा आवाज ऐकायचा आणि जागचं हलायचं नाही, ही काय शिक्षा असते ते मला विचारा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. जन्मल्याबरोबर आम्हा सगळ्या बहिणींना पोत्यात कोंबलं, आणि पोत्यातून कसलं गाव दिसतंय? मला आठवतो तो फेरीवाल्याचा खांदा. तो आम्हाला खांद्यावर टाकून डब्याडब्यातून हिंडायचा. तिथंच मला अमृतरावांनी घेतलं. त्यांनी माझी दोन टोकं धरून जोरात हिसका दिला आणि म्हणाले, "लई दणकट हाय." मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. पुढं बरीच वर्षं मी त्या एका शब्दावर जगले.

अमृतरावांचं लातूरला गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाच्या ताटावर, तांब्यावर नाव कोरून द्यायचं काम ते स्वतः करत. आपल्या बॅगेसाठीही त्यांनी पितळेची एक चकती करून घेतली होती, तिच्यावर नाव, गाव आणि फोन नंबर कोरलेला. वस्तू आपली म्हणजे आपलीच राहिली पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. माणूस वाईट नव्हता हो. फक्त कशावरचीही पकड सैल करणं त्यांना जमायचं नाही.

प्रवासाची त्यांची एक पद्धत ठरलेली होती. बसल्याबरोबर बॅग बाकाखाली ढकलायची, मला बाकाच्या पायातून ओवायचं, कुलूप लावायचं, ओढून बघायचं आणि किल्ली बनियनच्या आतल्या खिशात टाकायची. तो खिसा त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, स्वतःच्या हातानं शिवून दिला होता. मग स्टेशन आलं की अमृतराव "तू बस, मी आलोच" म्हणून खाली उतरत. चहा पीत, बाटलीत पाणी भरत, चार लोकांशी बोलून येत. गुरम्मा बॅगेवर पाय ठेवून बसलेली. हैदराबादला जा, सोलापूरला जा, तिनं वाटेतल्या एकाही स्टेशनवर कधी पाय ठेवला नाही. मी बॅगेला बांधलेली, बॅग बाकाला, आणि गुरम्मा आम्हा दोघींना. तिला कुणी कुलूप लावलं नव्हतं. तरी ती हलत नसे, याचं मला तेव्हा मोठं कौतुक वाटायचं.

पुढं त्यांचं जाणं-येणं कमी झालं आणि मला कपाटाच्या खणात टाकलं. तिथं जुन्या पणत्या, बंद पडलेली टॉर्च आणि मी. वर्षांमागून वर्षं गेली. गंज चढला. बाहेर घरात काय चाललं आहे ते नुसतं ऐकायचं, एवढाच विरंगुळा.

एके दिवशी अशीच मी ऐकत होते. त्यांची मुलगी मंजुश्री पुण्याहून आली होती. नोकरीला लागल्यापासून तिच्या डोक्यात एकच होतं, आई-वडिलांना परदेश दाखवायचा. तिनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला असावा, कारण अमृतराव म्हणाले, "ताट कुठं ठेवायचं मग?"

"अप्पा, ऐका तर. फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. सगळं रेल्वेनं. एकच पास काढायचा. काही गाड्यांना जागा वेगळी राखावी लागते, बाकी कुठल्याही गाडीत बसा."

"आन दुसऱ्या देशात जाताना गाडी बदलायची?"

"बदलायची. कधीकधी सात-आठ मिनिटांतच बदलावी लागते."

"सात-आठ मिनिटांत?" अमृतराव जवळजवळ ओरडलेच. "तेवढ्यात माझं कुलूप निघत न्हाई."

"तिकडं साखळी-कुलूप लागत नाही हो अप्पा."

खणात पडल्या पडल्या माझा जीव चरफडला. तेवढ्यात गुरम्माचा आवाज आला. ती अशा बोलण्यात कधी पडत नसे.

"मंजू, म्हंजी समदी मिळून किती टेशनांवर उतरायचं गं?"

"पुष्कळ ठिकाणी, अव्वा. बारा-तेरा तरी होतील."

"मी बी उतरायचं?"

"म्हणजे काय? तू गाडीत बसून काय करणार?"

त्या दिवसापासून गुरम्मा रोज लिंगपूजा झाली की नकाशा उघडून बसायची आणि मुलीला फोन करून विचारायची, अमक्या गावाला फलाट कसा असतो, चहा मिळतो का. जे ऐकून अमृतरावांना घाम फुटायचा, त्याचीच तिला ओढ लागली होती. ते मात्र रोज एक नवं कारण काढत. दुकान कोण बघणार, थंडी सोसंल का, पास कुठं ठेवायचा. पास मोबाईलमध्येच असतो म्हटल्यावर म्हणाले, "मग माझ्याच मोबाईलात पायजे, दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

शेवटी मंजुश्रीच कंटाळली. ती म्हणाली, "अप्पा, आपण तालीम करू. मी नांदेडला आत्याकडे थांबते. तुम्ही दोघं लातूर रोड जंक्शनला गाडी बदलून नांदेडला या. माझ्याशिवाय."

"चालंल. नांदेडला पोचलो तर पास काढ. न्हाई पोचलो तर हा इषय बंद. पुन्ना काढायचा न्हाई."

"बोललात हं," गुरम्मा म्हणाली.

तालमीच्या सकाळी खण उघडला. उजेड डोळ्यांवर आला. अमृतरावांनी इकडं-तिकडं बघितलं आणि गुपचूप मला कोटाच्या खिशात टाकलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी बाहेर पडले, मी हरखूनच गेले.

लातूर ते लातूर रोड म्हणजे काय अंतर आहे? बसलो न बसलो तोच उतरायचं. पण हातांना लागलेली सवय. गाडी हलायच्या आत मी बाकाच्या पायाशी होते आणि किल्ली बनियनच्या खिशात.

"अवं, आता उतरायचं की. कशाला बांधता?" गुरम्मा म्हणाली.

"असू दे गं. सोडाया काय येळ लागतो?"

लातूर रोड आलं. नांदेडकडची गाडी कुठल्या फलाटावर लागते हे बघितल्याशिवाय सामान उतरवायचं नाही, ही त्यांची दुसरी सवय. "तू बस, मी बगून आलोच," म्हणाले आणि उतरले. मी वाट बघत राहिले. गुरम्मा बॅगेवर पाय ठेवून बसली. आणि गाडी सुटली. ती उदगीरकडे निघाली, नांदेडकडे नाही. अमृतराव फलाटावर, किल्ली त्यांच्या छातीशी, आणि आम्ही सगळे आत.

समोरच्या बाकावरचा एक माणूस उठला. "मावशी, ओढू का गाडीची साखळी?"

"नगं. माझ्यापायी समद्या गाडीला कशाला थांबवता?" ती म्हणाली खरी, पण तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाशी गेला होता.

फोन वाजला. अमृतराव इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला बाकाखाली ऐकू आलं. "हालू नको. बॅग सोडू नको. तितंच बस, मी येतो."

"हाव," गुरम्मा म्हणाली. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती.

तिनं वाकून मला धरलं. ओढलं, पिरगाळलं, कुलपावर चप्पल हाणली. मला सुटायचं होतं का? खरं सांगते, होतं. तिची ती धडपड मला बघवत नव्हती. पण सुटणं माझ्या हातात कुठं होतं? किल्ली मागं राहिली होती. मला जे येतं तेच मी करत राहिले, घट्ट धरून बसले. ती बाकावर बसून रडली. आपल्या हातानं शिवलेल्या त्या खिशाची तिला आठवण आली असेल का, कोण जाणे.

उदगीर जवळ आलं तशी ती उठली. डोळे पुसले आणि बॅगेची झिप उघडली. मित्रांनो, बॅग मी बांधली होती, आतल्या वस्तू मी बांधल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत हे ना मला सुचलं होतं, ना अमृतरावांना. तिनं बाकावर सोलापुरी चादर पसरली. दोघांचे कपडे, तालमीसाठी म्हणून बरोबर घेतलेले नवे कोरे पासपोर्ट, भस्माची डबी, भाकरी आणि शेंगाची चटणी सगळं चादरीत घातलं आणि गाठ मारून बोचकं काखोटीला मारलं. गाडी थांबली आणि ती उतरून गेली. मागं वळून बघितलं नाही.

मी रिकाम्या बॅगेला कवटाळून पुढं गेले. किती स्टेशनं आली, किती गेली. कुणी बॅग ओढून बघे आणि रिकामी आहे म्हणून सोडून देई. दुसऱ्या दिवशी तीच गाडी परत लातूरला आली तेव्हा पोलिसांनी मला कटरनं तोडलं. चकतीवरच्या नंबरावर फोन केला. संध्याकाळी दोघंही आले.

"बॅग रिकामी कशी?" ज्योत्स्नाबाई नावाच्या हवालदार होत्या, त्यांनी विचारलं.

गुरम्मानं सगळं सांगितलं, अगदी सावकाश. उदगीर तिचं माहेर. लहानपणी ती तिथल्याच फलाटाबाहेर उभी राहून गाड्या बघायची. आदल्या दिवशी तिथं तिनं उभ्यानं चहा प्यायला. मग आणखी एक प्यायला. मग एसटीनं अहमदपूर, तिथं गाडी बदलून नांदेड. "मागनं याया गाडी न्हाई म्हनून हे लातूर रोडलाच बसल्याले, माझी वाट बगत. माझा फोन आला तवा उठले. माझ्यामागून पोचले नांदेडला."

"म्हणजे पोचलात की," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"मी पोचले," गुरम्मा म्हणाली. "बोलल्यापरमानं पास काढायला लावला मंजूला."

बॅग त्यांनी ताब्यात घेतली. अमृतरावांचा हात सवयीनं माझ्याकडे आला. "आपलीच हाय ही," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या तिला हितंच," गुरम्मा म्हणाली.

मला वाईट वाटलं. मी माझं काम चोख केलं होतं. पण माझ्या मिठीत काय उरलं होतं ते मीही बघितलंच होतं. अमृतरावांनी बनियनच्या खिशातून किल्ली काढली आणि माझं कुलूप उघडलं. तुटलेल्या साखळीचं कुलूप उघडून काय उपयोग? तरी त्यांनी उघडलं, आणि किल्ली त्यातच राहू दिली.

दाराशी जाऊन ते हळूच म्हणाले, "मग पास कुनाच्या मोबाईलात टाकायचा म्हनती मंजू?"

"माझ्या."

"आन मी काय करू?"

"तुमी माझ्यासंगं उतरा."

मित्रांनो, मी इथंच खिळ्याला आहे. ते कुठवर पोचले, किती फलाटांवर उतरले, मला कुणी सांगायला येत नाही. कधी लातूर स्टेशनवर आलात तर मला खाली काढा. थोडं तेल लावा, तुटलेली कडी सांधून घ्या. फाटकाला लावा, सायकलला लावा, मी अजून दणकट आहे. फक्त कुणाला आत बसवून मला बांधणार असाल, तर किल्ली त्याच्याच हातात द्या.