सत्काराचा शेअर

तिसऱ्या खेपेला सीए झाले तेव्हाही मी एवढी हरखले नव्हते, जेवढी त्या दिवशी सभेत खुर्चीवर बसून हरखले होते. मूल तालुक्यातल्या आमच्या गावातल्या तीनशे बायकांनी मिळून धानाची कंपनी काढली होती, स्वतःच्या राइस मिलसकट! आणि आजच्या वार्षिक सभेत त्यांची ऑडिटर म्हणून माझी नेमणूक व्हायची होती. माझं पहिलंवहिलं ऑडिट! प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र पर्समध्ये होतं, तरी मी उगाच तीनदा हात लावून पाहिलं.

ठरावाआधी सत्कार ठेवला होता. अध्यक्ष केसरबाईंनी मला शाल पांघरवली आणि लाल फितीत बांधलेला एक कागद माझ्यापुढं धरला.

"माधवी, हा आपल्या कंपनीचा शेअर. आजपासून तूबी मालकीण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण ऑडिटरच्या नावावर त्या कंपनीचा एक शेअरसुद्धा चालत नाही. घेतला तर नेमणूक गेली, नाही घेतला तर गाव दुखावलं.

"बाई, मले हा घेता येत नाई."

टाळ्या थांबल्या. केसरबाईंचा चेहरा उतरला. "काऊन वं? लय शिकली तं आमचा कागद हलका झाला का?"

मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं घोकलेलं एका दमात कसं सांगायचं?

"तसं नाई बाई. तुमचा हिशेब मी तपासाचा, न् या तीनशे जणींले सही करून सांगाचं, खरा हाय का खोटा. मीच मालकीण झाली तं माह्या सहीवर कोण भरोसा ठेवन?" तोंड सुटलंच होतं, म्हणून पुढचंही बोलून गेले, "आन हा शेअर द्याचा बोर्डाचा ठराव कुठी हाय?"

केसरबाईंनी कंपनीची मॅनेजर नूतनकडे पाहिलं. नूतन पंख्याकडे पाहू लागली. ठराव नव्हताच. बाईंनी मायेपोटी परस्पर कागद छापून आणला होता.

मागून रंभाबाई ओरडल्या, "अजून नेमली नाई, तं अध्यक्षालेच पकडलन! हीच पाह्यजे आपल्याले!"

हसून हसून सभा बेजार झाली. केसरबाईंनी कागद टराटरा फाडला. "लिव्ह वं नूतन, ऑडिटर माधवी. हात वर करा वं साऱ्याजणी!"

सगळ्यांचे हात वर गेले. केसरबाईंनी तर दोन्ही केले.