तीन नंबरचं पानी

चंद्रपुरात माझं यंत्रं दुरुस्त करायचं दुकान हाय, मागंच घर. बायको नसीम गेली त्याले तीन वर्षं झाली. पोरगी अमरीन पुण्याले. आता घरात आवाज करायले मी अन् फ्रिज, दोघंच. म्हनून कोनाचा फोन आला त मले आवडायले पाहिजे होतं. पन झिंगूभाऊचा फोन मी उचलत नव्हतो.

झिंगूभाऊ मडावी म्हंजे एटापल्लीच्या जंगलातल्या एका पानवठ्याचा राखनदार. एका संस्थेनं जनावरांसाठी तिथी सौरपंप अन् लहानशी टाकी बसवली होती. मोजायचा डबा मी बसवला. त्यात आठ चॅनल. दोन नंबरवर बॅटरी, तीन नंबरवर टाकीतलं पानी, असं एकेक मोजून तो डबा टेकडीवरच्या अँटेनातून आकडे माझ्या मोबाईलवर धाडते.

महिनाभर झिंगूभाऊ रेंजसाठी टेकडीवर चढून फोन करून राह्यला होता. पहिले एक-दोन मी उचलले, त टाकी कोरडी हाय म्हने. इकडं माझ्या मोबाईलवर टाकी भरलेली. उन्हात पंप चालते, आकडा चढते. संध्याकाळी जनावरं पितात, आकडा उतरते. सगळं कसं ठीकठाक. मी संस्थेच्या विनोदसाहेबाले सांगून टाकलं का म्हातारा मोहाची दारू घेऊन बोलते. साहेब म्हनाले, एकदा जाऊन पाहा. यंत्र बरोबर असंल त एक तारखेपासून दुसरा मानूस ठेवू.

गेलो. पाहतो त टाकी अर्धी भरलेली. माझं डोकंच सटकलं. एवढ्या उन्हात गाडी हाकत आलो अन् हा मानूस महिनाभर खोटं बोलून राह्यला? तोंडाले येईल ते बोललो त्याले. त्यानं कावड खांद्यावर घेतली अन् टेकडीच्या पल्याड चालू लागला. मले वाटलं रुसला. रुसू दे.

मी डबा उघडून बसलो. तीन नंबर ठीक दिसत होता. तेवढ्यात सूर्यापुढं ढग आला अन् आकडा खाली आला. टाकीवर एक पाखरूबी नव्हतं. ढग गेला, आकडा पुन्हा चढला. आता पानी कधी असं करते काय?

तीन नंबरची तार ओढली, त हातातच आली. सायाळीनं जमिनीतला पाइप कुरतडला होता, त्याच पाइपातली पंपाची तारबी तुटली होती. डब्यात मोजनारा एकच. तो बॅटरी मोजून तीन नंबरवर येते, अन् तिथी काईच जोडलेलं नसलं त बॅटरीचाच उरलेला दाब दाखवते, जो उन्हात चढते अन् संध्याकाळी उतरते. आमच्या धंद्यात याले भूत व्होल्टेज म्हनतात. हरेक चॅनलवरून जमिनीच्या तारेले एक नखाएवढा रेझिस्टर लावला असता, त तार तुटल्याबरोबर आकडा शून्यावर आला असता. बसवताना मी कंटाळा केला होता.

मंग टाकीत पानी आलं कुठून?

झिंगूभाऊ परत आला. कावडीचे दोन्ही डबे त्यानं टाकीत रिकामे केले. खांद्याची सालं निघाली होती. नाल्याच्या रेतीत झिरा, पानी झिरपायचा खड्डा, खोदला हाय, म्हने. दिवसाच्या दहा-बारा खेपा होतात. चितळं येऊन कोरडी टाकी चाटत होती, ते पाहवलं नाई.

मी चंद्रपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. मले लाज वाटली, लई लाज वाटली.

तारा जोडल्या. रेझिस्टर लावले. पंप सुरू झाला. टेकडीवर जाऊन साहेबाले फोन लावला अन् सांगितलं का चूक माझी हाय, म्हाताऱ्याबद्दल मी बोललो तेबी खोटं हाय, त्याले काढू नका. साहेब बरं म्हनाले. खाली येऊन झिंगूभाऊले सांगितलं, तुमचं काम राह्यलं. तो पंपाची धार पाहत उभा होता. तिथूनच त्यानं विचारलं.

"जाहिदभाऊ, आता मी फोन केला, त उचलाल न?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्याचे एकोनतीस फोन माझ्या मोबाईलवर तसेच पडले होते. त्या जंगलात त्याले बोलायले दुसरं होतं तरी कोन?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तवा फोन वाजला. टाकीत पानी हाय, झिंगूभाऊ म्हनाला. आकडा त मले मोबाईलवर दिसतच होता. तरी शटर अर्धं तसंच सोडून मी पायरीवर बसलो.

"सांगा भाऊ," म्हनलं, "किती हाय?"