तीनशे बारा खण

रस्त्याखाली मेट्रोचं स्टेशन होणार म्हणून वरची चौदा दुकानं तीन वर्षांसाठी मागच्या गल्लीत हलवायची होती, आणि ती नीट हलवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मदत कक्षातली बाई, असं मला सगळे म्हणायचे. काही जण त्याहून वाईटही म्हणायचे, पण तोंडावर नाही. मला काम नीटनेटकं लागतं. पसारा दिसला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

बटणवाल्या मावशींचं दुकान रांगेत शेवटचं. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा, आणि काउंटरमागे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण. तीनशे बारा, सगळे एका मापाचे. एकावरही चिठ्ठी नाही. खाली बोगद्याचं यंत्र चालायला लागलं की सगळ्या खणांतली बटणं एकदम बारीक किणकिणायची. दुपारची तिरीप धुळीतून आत यायची, आणि त्या आवाजात आपण कशाला आलो होतो तेच आठवेनासं व्हायचं. दुकान हलवायच्या संमतीचा फॉर्म हातात घेऊन मी तिथे स्टुलावर नुसती बसून राहायचे.

गिऱ्हाईक शर्ट पुढे करायचं. मावशी काजावरून अंगठा फिरवायच्या, रंग तेवढा विचारायच्या. "निळा म्हणजे कुठला रे, शाईचा की आभाळाचा?" मग मागे न बघता हात न्यायच्या आणि नेमका खण ओढायच्या. मला वाटायचं, म्हातारी भाव खातेय.

दुकान मुलाच्या नावावर होतं. तो शांत माणूस, पण त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. "नव्या जागेत आईला जमतंय असं दिसलं तर सही करतो. नाहीतर भरपाई घेऊन दुकान बंद. या वयात ती कुठे ठेचकाळलेली मला बघवणार नाही." मुदतीचा शेवटचा दिवस शनिवार. त्या संध्याकाळी तो येणार होता.

मावशींनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "पोरी, खण आहेत तसेच लाव. इकडचा तिकडे करू नकोस."

मी "बरं" म्हटलं आणि माझंच खरं केलं. नव्या जागेत दोन दिवस खपून पांढऱ्याशेजारी पांढरी, काळ्याशेजारी काळी, बारीक वर, मोठी खाली असे सगळे खण लावले. प्रत्येकावर ठळक अक्षरात चिठ्ठी. इतकं सुरेख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी शेजारच्या दुकानातल्या शिंपीकाकांच्या खांद्यावर हात ठेवून मावशी आल्या. पहिल्या गिऱ्हाइकाला शर्टाचं साधं पांढरं बटण हवं होतं. मावशींचा हात मागे गेला, खण ओढला, अंगठा आत फिरला. कोटाची बटणं. दुसरा ओढला. हूक. मग तो हात तसाच हवेत राहिला. गिऱ्हाईक नंतर येतो म्हणून गेलं.

"मावशी, चिठ्ठ्या लावल्यात की. वाचा ना," मी जरा चिडूनच म्हटलं.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, पण बघितलं माझ्या शेजारच्या खांबाकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील. उजेड कळतो, कोणी हललं तर कळतं. मुलाला बोलू नकोस. तो मला घरी बसवेल. घरात मी चाचपडत असते गं, इथे नसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं. कुठला खण कुठे होता, सगळं आठवतंय तुम्हाला?"

"दुसरं आहे काय मला आठवायला?"

मी चिठ्ठ्या फाडल्या. शिंपीकाकांनी आपलं दुकान बंद केलं आणि बाह्या सरसावल्या. आम्ही सगळे खण उतरवून जमिनीवर मांडले. मावशी रिकाम्या भिंतीसमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि हवेत हात फिरवायला लागल्या.

"खालून दुसरी ओळ, दाराकडून पहिला. शिंपल्याची, चार भोकांची. त्याच्यावर गणवेशाची. त्याच्यावर मोतिया. एका नवरीसाठी आणली होती, ती न्यायला आलीच नाही."

मी खण देत होते, काका बसवत होते. खाली यंत्र सुरू झालं आणि जमिनीवरची बटणं किणकिणायला लागली. मावशी हसल्या, "आलं बघ, आपल्या पायाखालून चाललंय." त्या बोलत राहिल्या, हात हवेतून पुढे सरकत राहिला, आणि मला त्या कोऱ्या भिंतीवर जुनं दुकान दिसायला लागलं. तिथला उतरता उजेडसुद्धा दिसला. जेवायचं आम्ही तिघंही विसरलो.

शेवटचे खण घाईत बसवले आणि मुलगा दारात आला. त्याने अंगातलं जाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"बाहीचं तुटलंय, आई. तपकिरी."

मावशींनी अंगठा फिरवला. हात मागे गेला. न अडखळता खण आला आणि माझा श्वास मोकळा झाला. मग त्यांची बोटं आत थांबली. त्यात चपट्या टिकल्या होत्या. शेवटचे दोन खण आम्ही एकमेकांच्या जागी बसवले होते.

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. पण मुलगा तोवर काउंटरच्या आत आला होता. त्याने शेजारचा खण काढून आईच्या हाताखाली ठेवला आणि टिकल्यांचा खण त्याच्या जागी सरकवून दिला.

"हा इथे असतो. लहानपणी माझं डोकं इथेच आपटायचं."

मावशींनी खणातून हात काढून घेतला. म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"मागच्या वर्षी घरी तू माझ्या काळ्या शर्टाला बटण लावून दिलंस. एकच निळं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

मावशींनी हात पुढे करून त्याच्या छातीवर ठेवला आणि एकेक बटण चाचपत खाली आल्या. चौथ्यावर अंगठा थांबला. त्याचा दोरा जाड होता.

"हाच शर्ट? हा घालून तू कामाला जातोस? लोक हसत असतील."

"विचारतात. मी सांगतो, आईने लावलंय."

"काढ तो. काळं देते."

"राहू दे," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला फॉर्म ओढून घेऊन त्याने सही केली.